कुंडलिकचा फॉर्म

…तर सिद्धेश्वरीनं पडदा ओढून घेतला, इथवर काल आलो होतो. पडद्याअलीकडं आमचा कुंभारीचा कुंडलिक कान लावून उभा.

काम दोघांचं एकच. सोलापुरातल्या एका दवाखान्यात मार लागून आलेल्या माणसाला, मलमपट्टी झाली की, दोन प्रश्न विचारायचे. मार लागायच्या आधी सहा तासांत दारू घेतली होती का? आणि गेल्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळेला? ही पाहणी काढलेल्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "दुसऱ्याशी ताडून काय उपयोग? एकाचं वय निराळं, एकाचा रस्ता निराळा. माणूस त्याच्याशीच ताडून बघा. दारूनं धोका किती वाढतो ते मग कळतं."

कुंडलिक विचारायचा खणखणीत, खाटेभोवती बायको, मेहुणा, सासू उभी असताना. आता सासूपुढं कोण व्हय म्हणतंय? त्याचे सगळे फॉर्म माळकऱ्यांचे.

सिद्धेश्वरी अक्कलकोटकडची. आधी सोबतच्या बाईला केसपेपर आणायला धाडायची, मग निवांत गप्पा. गेला आठवडा आठवेना तर गावच्या बाजाराचा वार काढायची. बाजारातून कोण कुणाच्या गाडीवर परतलं, वाटेत कुठं थांबलं, सगळं निघायचं.

"कानडी बोलती, म्हणून सांगत्यात तिला," कुंडलिक दिसेल त्याला सांगायचा. पण त्या दिवशी पडद्याआड माढ्याकडचा ड्रायव्हर चक्क मराठीत भडाभडा बोलत होता. तेवढंही कारण गेलं. त्या रात्री गड्याला भाकरी गोड लागली नाही.

पुढं काम सहा महिने वाढलं, पण माणूस एकच ठेवायचा होता. एका बुधवारी दुपारी सिद्धेश्वरीचं नाव निघालं. कुंडलिकनं तिच्याकडून पेढा मागून खाल्ला आणि थेट देशीच्या दुकानात गेला. चार वाजता कुंभारीच्या वळणावर, उसाच्या पाचटावरून गाडी घसरली. मनगट मोडलं. आणला कुठं, तर त्याच दवाखान्यात.

प्लास्टर झाल्यावर सिद्धेश्वरी फॉर्म घेऊन आली. "अण्णा, नाही सांगितलं तरी चालतंय. तुमची मर्जी."

न्हाय म्हटलं तर हिचा फॉर्म खोटा पडतो. तेवढाच जिवाला गारवा. खरं सांगावं तर आपलं जळणं हिच्याच हातानं कागदावर चढणार. कुंडलिकनं चांगल्या हातानं फॉर्मकडं बोट केलं. मग म्हणाला,

"लिही. आज दोन ग्लास. गेल्या बुधवारी ह्या वक्ताला एक थेंब न्हाय. तवा तुजी निवड कुटं झाली हुती?"