राउटरच्या यादीतल्या शैलावहिनी

दहा जानेवारी, शनिवार, मुरबाड. हजर: मी, हे, सासूबाई आणि लेक केतकी. गैरहजर: शेजारच्या शैलावहिनी. पण माझ्या मते त्या आमच्या राउटरमध्ये होत्या.

केतकीची नोकरीसाठीची पहिली मुलाखत अकरा वाजता लॅपटॉपवर होती. शिक्षण संपून आठ महिने झाले होते आणि ‘सध्या काय करतेस?’ हा प्रश्न टाळायला ती लग्नांनाही येईनाशी झाली होती. म्हणून मी आदल्या दिवशीच यादी केली. कुर्त्याला इस्त्री, मागे रिकामी भिंत, कुकर साडेदहाच्या आत, सासूबाईंचा टीव्ही बंद. पाचवा मुद्दा: नेट अडकता कामा नये.

त्यासाठी दहा वाजता मी मोबाइलवर राउटरचं पान उघडलं. आपल्या नेटवर कोण कोण बसलंय, याची तिथे नावानिशी यादी असते. (यादी म्हटल्यावर मी वही-पेन घेऊनच बसले.) माझा मोबाइल, बरोबर. यांचा, बरोबर. केतकीचा, बरोबर. टीव्ही, बरोबर. पाचवं नाव होतं ‘शैला-पीसी’.

“आपल्याकडे शैला कोण?” मी विचारलं.

“शेजारची. दुसरी कोण असंल?” सासूबाई म्हणाल्या.

“अगं, तिच्याकडे कंप्युटर नाय,” हे म्हणाले.

“तुम्हाला बरं माहीत त्यांच्याकडे काय नाही ते.”

यावर हे पेपरात शिरले, ते बाहेर आलेच नाहीत.

शैलावहिनी गेली नऊ वर्षं आमचा कढीपत्ता कुंपणावरून न विचारता नेतात. कढीपत्ता नेणारी बाई, घरी स्वतःचं नेट असलं तरी, आमचं का सोडेल? मी तडक कुंपणाशी गेले.

“वहिनी, दुसऱ्याच्या घरातलं घ्यायचं तर विचारून घ्यावं माणसानं.”

त्या तांदूळ निवडत होत्या. मान खाली घालून म्हणाल्या, “रोजचंच झालंय गो, विचारायचं काय त्यात?”

मला कबुलीजबाब मिळाला. परत येऊन मी ‘शैला-पीसी’ ब्लॉक केला. शिवाय, पुन्हा घुसायला नको म्हणून राउटरच्या पानाचा पासवर्डही बदलला. चांगला बारा अक्षरी, आकडे आणि चिन्हांसकट. मी आयुष्यात प्रत्येक गोष्ट वहीत लिहिते, हा मात्र लिहिला नाही. (शैलावहिनी चहाला आल्या की माझी वही चाळतात.)

दहा चाळीसला आतून केतकीचा आवाज आला. “आई, नेट गेलं.”

“जाईल कसं? माझ्या मोबाइलवर आहे की.”

“लॅपटॉपचं गेलं. तू काय केलंस?”

मी घडलेलं सांगितलं. तिने लॅपटॉपवर कुठेतरी दोनदा टिचकी मारली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिथे लॅपटॉपचं नाव होतं: शैला-पीसी.

तेव्हा आठवलं. लॅपटॉप जुना, कल्याणच्या दुकानातून आणलेला. आधीच्या मालकिणीने दिलेलं नाव तसंच राहिलेलं. तो घासाघीस करून मीच निवडला होता. पाच नावं तपासली, पण जिच्यासाठी एवढा खटाटोप तिचा लॅपटॉप त्यात कुठे आहे, हे बघायचं राहिलं.

“काढ ना तो ब्लॉक,” केतकी म्हणाली.

मी पासवर्ड टाकला. चुकला. मोठं अक्षर आधी टाकून पाहिलं. चुकला. पाचव्या खेपेला राउटरने मला थोडा वेळ थांबायला सांगितलं. दहा एकावन्न.

“मोबाइलवरून दे मुलाखत,” पेपरातून आवाज आला.

“बाबा, त्यांना माझं काम स्क्रीनवर दाखवायचंय.”

“मग मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोड.”

“त्याला रेंज आंब्याखालीच येते.”

“मग बस आंब्याखाली.”

“कोंबड्या हायत तिथं,” सासूबाईंनी माहिती पुरवली.

गल्लीत दुसरं नेट एकाच घरी होतं. मी पुन्हा कुंपणाशी गेले. या खेपेला न विचारता काही घेणं शक्य नव्हतं.

“वहिनी, केतकीला तासभर तुमचं नेट...”

“अगो, मग ये म्हणावं की. विचारायचं काय त्यात?”

केतकी अकराला दोन मिनिटं कमी असताना त्यांच्या ओटीवर बसली. वहिनींनी मिक्सर बंद ठेवला, गल्लीतली कुत्री हाकलली, आणि तासभर दारात पहारा दिला. मी कुंपणाच्या अलीकडे कढीपत्त्याला पाणी घालत राहिले. इतकं पाणी त्याला पावसाळ्यातही मिळत नाही.

गुरुवारी नोकरीचं पत्र आलं. पेढे देताना मी वहिनींना सगळं सांगून टाकलं. लॅपटॉपचं नाव आजच बदलतो, असंही म्हणाले.

“राहू दे गो,” त्या पेढा मोडत म्हणाल्या. “माझं नाव तरी नोकरीला लागलं.”

केतकी अजून रोज सकाळी लॅपटॉप घेऊन त्यांच्याच ओटीवर कामाला बसते, कारण आमच्या घरी तो ब्लॉकच आहे. नेट जोडून देणारा माणूस टोकावड्याहून सोमवारी येतो म्हणाला होता. कुठल्या सोमवारी, ते बोलला नाही. वहिनी कढीपत्ता आता फांदीसकट नेतात. माझ्या वहीतल्या त्या दिवसाच्या सगळ्या मुद्द्यांवर बरोबरची खूण झाली आहे, मागाहून घातलेला सहावा सोडून: पासवर्ड आठवणे. आणि आठवला की लिहून ठेवणे.