पैकीच्या पैकी अभिमान

वर्गात शिरल्यावर वैजयंतीबाई आधी शिक्षकांना बाहेर काढायच्या. “आपण चहा घेऊन या. सावकाश प्या,” हे इतक्या गोड आवाजात सांगायच्या की आपला अपमान झालाय, हे समोरच्याला जिन्यात पोचल्यावर कळावं. शिक्षक समोर असले की मुलं खरं बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

बाई कोथरूडच्या, शिक्षणशास्त्राच्या संशोधक. सातवी-आठवीच्या मुलांना आपल्या वस्तीचा अभिमान किती वाटतो, हे मोजायचा त्यांना ध्यास होता. मी त्यांची मदतनीस. मुलाखतीत त्यांनी विचारलं, “आपण वारज्याच्या. अभिमान आहे?” मी “हो” म्हणाले. “होकार फार पटकन आला,” त्या म्हणाल्या, आणि मला कामावर घेतलं.

बाई गेल्या महिन्यात वारल्या. मला अजून रडू आलेलं नाही. काहीतरी वाटायला हवं, ते वाटत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

वारज्याच्याच एका शाळेत आम्ही प्रश्नावली वाटली होती. ‘मला माझ्या वस्तीत राहायला आवडतं’ अशी वाक्यं आणि पुढे एक ते पाच आकडे. जितकं पटेल तितक्या मोठ्या आकड्याला गोल करायचा. मुलं हाताचा आडोसा करून गोल करत होती. नंतर पाहिलं तर सगळीकडे पाच. दुसऱ्या दिवशी बाईंनी एका मुलीला कारण विचारलं.

“पाच म्हंजे पैकीच्या पैकी ना? कमी मार्क कोण घेणार?”

“आणि वस्तीत राहायला आवडतं का?”

“नाय. पाणी नाय येत. आन् गल्लीत कुत्री हायत. पण मार्क येगळं ना, बाई.”

बाई बाकावर बसल्या. आधीच्या शाळांतही हेच झालेलं असणार. “सगळं बाद,” एवढंच म्हणाल्या.

आमच्या विभागप्रमुखांना मात्र आकडे आवडले होते. “अहो बाई, आणखी काय हवं? द्या पाठवून.”

“हा अभिमान नाही, परीक्षेची सवय आहे. माझ्या नावावर हे खपवू नका.”

प्रकल्प बंद झाला, बाईंची नोकरी गेली. माझा चेहरा पाहून म्हणाल्या, “असं तोंड करू नका. आपण मोजायला निघालो होतो, मिरवायला नाही.” पुढे त्या एकट्याच वारज्यात यायच्या. मुलांना म्हणायच्या, “मी पाहुणी. आपलं गाव दाखवा.” मुलं कुठे रेंगाळतात आणि कुठून घाईनं पुढे नेतात, ते बघत त्यांच्या मागून चालायच्या.

शोकसभेत विभागप्रमुख भरभरून बोलले. “वारज्यातल्या मुलांचा अभिमान पाचपैकी पाच! बाईंचं हे संशोधन आम्ही अहवालात घेतलंय. त्यांच्याच नावानं.” लोकांनी माना हलवल्या.

मी उठून उभी राहिले. “हे आकडे बाईंनीच बाद केले होते.” आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला.

“आपल्या भावना समजतात,” विभागप्रमुख म्हणाले. “आता आपण दोन मिनिटं उभं राहून बाईंना श्रद्धांजली वाहू या.”

खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले. मी उभीच होते.