इंजिनाच्या आड आलेला माणूस

सत्तर-एकाहत्तर साली मेहुण्याचा कॅमेरा महिनाभर माझ्याकडे राहिला आणि मी नगरमध्ये आगगाडीचे फोटो काढायला जागा शोधत सुटलो. स्टेशनवर पोलीस हुसकून लावायचा, पुलावरून नुसते डब्यांचे टप दिसायचे. शेवटी गावाबाहेर, रूळ वळतात तिथे, मनासारखी जागा सापडली. तिथे एक म्हातारबा शेळ्या चारत होते.

"कशाचा फोटू काढताय?"

"इंजिनाचा."

त्यांना माझी काळजी वाटली असावी. "निस्त्या इंजिनाचा? मानूस नगं व्हय त्यात?"

पुढच्या रविवारी येतो म्हणून त्यांना सांगितलं होतं. गेलो, तर म्हातारबा धुतलेला पटका बांधून, मिशीला तेल लावून हजर. शेळ्या कुठे दिसेनात. शिट्टी झाली. धूर सोडत इंजिन वळणावर आलं, आणि म्हातारबा सावकाश चालत येऊन बरोबर माझ्यासमोर उभे राहिले. मान ताठ, हात मांड्यांना चिकटलेले, अगदी स्टुडिओत उभं राहावं तसे.

"बाबा, जरा बाजूला व्हा. गाडी निघून जाईल."

"गाडी रोजचीच हाय," चेहरा जराही न हलवता ते म्हणाले. "मी आज दाढी करून आलोय."

घरच्यांचे फोटो काढून रोलमध्ये शेवटचाच फोटो उरला होता. मी बटण दाबलं.

कोळशाची इंजिनं पुढे बंद झाली. माझ्याकडे त्यांचा एवढा एकच फोटो आहे, आणि त्यातही इंजिन म्हणजे पटक्यामागून निघालेला धूर. दाढी मात्र खरंच छान झाली होती.