सुलाबाईच्या वाक्या

तेरा वर्षांची असताना सुलाबाईनं सासू-सासऱ्यांचं भांडण भिंतीआडून ऐकलं. भांडण तिच्याच दंडावरून होतं. नवव्या वर्षी लग्नात दोन्ही दंडांत चांदीच्या वाक्या चढवल्या होत्या, त्या आता मांसात रुतायला लागल्या होत्या.

"पोरीचा हात वाढतोय. सोनाराकडनं कापून मोठ्या करून घ्या," सासू अंबूबाई म्हणाली.

"डोकं फिरलं का गं तुझं? वाकी कापत्यात ती नवरा मेल्यावर. माझा सिद्धू जिता हाय."

"मग हात कापा पोरीचा!"

एवढं बोलून सासू भाकऱ्या थापायला बसली, म्हणजे सासरा जिंकला. दंडाच्या मालकिणीला कुणी काही विचारलं नाही. पुढं दंड वाढत गेला, वाकी होती तेवढीच राहिली, आणि दोघांनी एकमेकांशी जमवून घेतलं. संसारात दुसरं काय करतात?

पन्नाशीला आली तेव्हा सुलाबाई कवठे महांकाळात लालासाहेब डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला होती. झाडलोट, पाणी, सुया उकळणं. नवरा सिद्धू दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचा तो मृगाच्या तोंडाला परतायचा. गुडघे धरले म्हणून ती गावातच राहिली होती.

सत्त्याहत्तर साली डॉक्टरांच्या मेव्हण्यानं परदेशातून ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र आणून दिलं. आधी डॉक्टर कानात नळ्या घालून हातानं फुगा दाबायचे. या नव्या यंत्राचं बटण दाबलं की दंडाला बांधलेला पट्टा आपसूक फुगे, आपसूक सुटे आणि लाल आकडे उमटत. डॉक्टर समोर उभे असले की माणूस घाबरतो आणि आकडा चढतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. म्हणून ते पट्टा बांधून बाहेर जात. पेशंट आत एकटा. सुलाबाई दाराशी पाठ करून बसायची, कुणाला आत सोडायची नाही.

पण पट्टा बांधायचा तो नेमका दंडाला, आणि आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या बायकांच्या दंडात वाक्या. त्या उतरवायचं काम सुलाबाईचं. साबणाचं पाणी, दोऱ्याचे वेढे आणि तोंडानं गप्पा.

"न्हाई गं बाई," मेंढपाळाची रंगूबाई हात मागं ओढायची, "वाकी उतरली तर मालकाला काय हुईल?"

"कापायची न्हाई, उतरून परत चढवायची. आणि मालकाला कळतंय व्हय? त्येला आमटीत मीठ न्हाई एवढंच कळतंय!"

रंगूबाई हसली की हात ढिला पडायचा, आणि वाकी सुलाबाईच्या ओच्यात.

त्याच साली सुलाबाईचं डोकं ठणकायला लागलं. उठलं की घणाचे घाव. एकदा नाकातून रक्त आलं आणि भिजलेला पदर डॉक्टरांनी बघितला.

"सुलाबाई, बसा. तुमचंच मोजू."

दोन्ही दंड पुढं केले. साबण झाला, एरंडेल झालं, दोरा तर कातडीत शिरला. चाळीस वर्षांचं मांस वाकीच्या दोन्ही अंगांनी फुगलं होतं. वाकी बोटभरही सरकेना. मनगटाजवळ पट्टा बांधून बघितला, तर यंत्र दर खेपेला वेगळाच आकडा दाखवी.

"मांडीला बांधून बघता येईल," डॉक्टर चाचरत म्हणाले.

"आवं डागदर, मग दवाखाना उचला आन् साताऱ्याला जावा. हितं कोण ऱ्हाऊ द्यायचं न्हाई तुमास्नी."

मग त्यांनी अंदाजानं गोळी दिली. तिसऱ्या दिवशी उभ्याउभ्या चक्कर येऊन ती कोसळली. डॉक्टर घाबरले. आता मोजल्याशिवाय गोळी देणार नाही म्हणाले, आणि वाक्या कापून या, असंही म्हणाले.

ती बाजारात आप्पासो सोनाराकडं गेली. त्यानं कानस हातात घेतली, तिच्या कपाळाकडं बघितलं आणि खाली ठेवली.

"कुंकू हाय की मावशी. मालकाला घेऊन या."

मालक कृष्णाकाठाला. तिनं मृगापर्यंत वाट बघितली. सिद्धू आला, पाय धुऊन भाकर खाल्ली, तेव्हा तिनं सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. तो ओरडला नाही. घोंगड्याचा धागा ओढत बसला.

"बा गेला त्या दिशी आयच्या वाक्या कापल्या," तो म्हणाला. "मी हात धरला हुता तिचा. कानशीचा आवाज अजून जात न्हाई."

"मग माझं डोकं?"

"मला आधी जाऊ दे. मग काप."

"तुमी लय धडधाकट हाय की वो!"

तो हसला, तीही हसली. माणूस नाही म्हणाला तर त्याच्याशी भांडता येतं. हा नाही म्हणाला नव्हता, भ्याला होता. तिनं परत विषय काढला नाही. डॉक्टर विचारायचे, ती "बगू" म्हणायची. पुढं त्यांनीही विचारायचं सोडलं.

श्रावणातल्या एका दुपारी न्हाणीच्या उंबऱ्याशी पडली ती उठली नाही. डॉक्टर धावत आले, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. राहिलं ते त्या सकाळचं सांगायचं.

यंत्र दर दोन-तीन महिन्यांनी बिघडायचं. मग मिरजेच्या रेडिओवाल्याकडं जायचं आणि दुरुस्त होऊन एस.टी.नं कंडक्टरबरोबर परत यायचं. स्टँडवरून आणायला सुलाबाईच जायची. त्या सकाळीही गेली. गाडी उशिरा आली. कंडक्टरनं खोकं खाली दिलं.

"मावशी, डोळं लय लाल दिसत्यात. हमाल बघू का?"

"हमाल हापटंल. आन हिकडं."

पदराची चुंबळ करून तिनं खोकं डोक्यावर घेतलं. वाटेत एकदा पिंपळाच्या पारावर टेकली. दवाखान्यात येऊन यंत्र टेबलावर ठेवलं, पुसलं. नीट चालतंय का बघायला डॉक्टरांनी स्वतःच्याच दंडाला पट्टा बांधून बटण दाबलं. पट्टा फुगायला लागला. सुलाबाईनं दार लोटून घेतलं आणि बाहेर पाठ करून बसली, मधे कुणी आत शिरू नये म्हणून.