पदकाची पाठ

आजोबांचं कुस्तीचं चांदीचं पदक कुठल्या मैदानातलं, हे विचारायला मी सोलापुरात एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, पदक उलटं केलं आणि डोळे मिटून पाठीवर अंगठा फिरवला.

"पाव्हणं, म्होरलं नाव नंतर कोरलंय. पहिलं ठशानं ठोकून घातलेलं. म्होरनं घासलं तरी त्याचा उठाव पाठीवर ऱ्हातोय की."

पाठीवर, उलट्या पुसट अक्षरांत, मंद्रूपच्या आमच्या शेजाऱ्याच्या वडिलांचं नाव होतं. ‘पदक आमचं’ म्हणायचा, म्हणून त्या शेजाऱ्याला मी चारचौघांत खोटारडा ठरवलं होतं.

"आजोबांचं नाव घासून टाका," मी म्हणालो.

त्याने कानस बाजूला सारली. "ऱ्हाऊ द्या. घासणारा बी कळाय पायजे."

परवा मंद्रूपला पारावर, सगळ्यांदेखत, पदक शेजाऱ्याच्या हातात दिलं. आजोबांनी काय केलं ते सांगितलं, मग मी काय केलं ते.