डिस्कचं नाव

आमच्या मास्तरांचा अक्षरांवर काडीचा विश्वास नव्हता. निजामपुऱ्यात लूमच्या वरच्या खोलीत ते कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली शिकवायची. खाली लूम धडधडायला लागले की वर मास्तरांचा आवाज चढायचा, "अक्षरावर जाऊ नका रं! अक्षर बदलतं!"

ते खरंच होतं. जुन्या डिस्कचे C आणि D असे दोन भाग असले आणि तयार केलेली नवी डिस्क शेजारी जोडली, की डॉस, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, D हे अक्षर नव्या डिस्कला देतं. जुना D मुकाट E होतो. मास्तर मूळचे पडघ्याचे. म्हणायचे, "नवा जावय आला का त्याला पंगतीत वर बसवतात ना? घरचा पोर खाली सरकतो. तसाच हाय ह्यो." पोरं हसायची, पण विसरायची नाहीत.

विसरले ते मास्तरच. कोन गावातल्या एका वहिनींकडे आम्ही नवी डिस्क बसवायला गेलो होतो. त्यांचे यजमान, बाळारामदादा, नुकतेच वारले होते. लेकीच्या हळदीत नाचतानाचे त्यांचे फोटो जुन्या D मध्ये होते आणि तेवढेच होते. वहिनी चहा ठेवून दादांबद्दल बोलत होत्या, मास्तर मान डोलवत ऐकत होते. नव्या डिस्कला शेवटचं अक्षर मिळणार असं धरून त्यांनी E फॉर्मॅट केला, म्हणजे पुसून कोरा केला, आणि त्यावर इतर फायलीही भरून टाकल्या. मग "आता बघा दादांना," म्हणून मोठ्या हौसेने D उघडला. तो रिकामा होता; नवी डिस्क तीच होती, पुसला गेला होता तो जुना D.

मास्तरांनी काही लपवलं नाही. "वहिनी, माझ्या हातून गेलं," एवढंच म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "मानूसच गेलाय मास्तर. चहा घ्या, निवतोय." त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शरमेने मला मान वर करवेना. मास्तरांनी तो चहा संपवला.

त्यानंतर मास्तर प्रत्येक डिस्कला त्या त्या घरातल्या माणसाचं नाव द्यायला लागले. नाव दिलेली डिस्क पुसायची तर डॉस आधी ते नाव विचारतं, चुकलं तर पुसत नाही. "माणसाचं नाव लिवताना हात थांबतो, बाय," ते मला म्हणायचे. कोनचा रस्ता मात्र त्यांनी सोडला. कल्याणला जायचं तर वाटेत कोन लागतं, म्हणून तिकडेही मलाच पाठवायचे.

मास्तर गेले. क्लास बंद झाला आणि त्यांच्या बायकोने, काकूंनी, त्यांचा कॉम्प्युटर मला दिला. पुसून वापरायला घ्यावा म्हणून मी फॉर्मॅटची आज्ञा दिली. त्याने नाव विचारलं. काकूंचं टाकलं, चाललं नाही. त्यांच्या मुलीचं टाकलं, तेही नाही. मग मी BALARAM टाइप केलं.

ते नाव चाललं. सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं त्याने विचारलं. मी N दाबलं.