सहा सारख्या बाजू

तयार जेवणाच्या कारखान्यात डब्यांवर प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवणाऱ्या यंत्रापाशी ती उभी असे. पापुद्रा तिरका बसलेले डबे कामगारांना घरी नेऊ देत, तीही नेई. नवरा सुतार. ‘कामाला जायचं तर जा, पण माझ्या ताटात हातचंच पाहिजे. डब्यातलं दिसलं की नोकरी बंद,’ हा त्याचा कायदा, आणि त्याची अंमलबजावणी तो कमरेच्या पट्ट्याने करी. पाठीवरच्या वळांची तिला सवय झाली होती. घरात कोंडले जाण्याची सवय मात्र कधीच होणार नव्हती.

म्हणून घरी आल्यावर ती आधी कांदा करपवी. स्वयंपाकाचा वास घरभर सुटला की डबा कढईत ओती आणि त्यातले गाजराचे चौकोनी तुकडे सुरीने वेडेवाकडे करी. सासूला सगळे ठाऊक होते. ‘यंत्राला मीठ कळतं गं,’ ती बोळक्या तोंडाने हसे, ‘तुला कधी कळणार?’

एका संध्याकाळी कारखान्यातली पाळी लांबली. ती पोहोचली तेव्हा तो पाटावर येऊन बसला होता. त्याच्याकडे पाठ करून तिने कांदा करपवला, डबा कढईत ओतला, पण सुरी फिरवायला सवड मिळाली नाही. त्याने ताटातला एक तुकडा उजेडात धरला, दुसरा त्याला भिडवला. मध्ये फट नव्हती.

‘हे तू कापलंस?’

‘हो.’

‘सहाही बाजू रंधा मारल्यासारख्या? सुताराला शिकवतेस?’

ताट भिंतीवर आदळले. त्याने केसांना धरून तिचे कपाळ ओट्यावर आपटले, मग तिचा उजवा तळवा तापलेल्या कढईत दाबून धरला. ‘हातचं म्हणतात ते हे!’ कांद्याच्या वासात कातडीचा वास मिसळला.

‘सोड, मेल्या!’ सासू किंचाळली. ‘उद्या कुणाच्या हातचं गिळशील?’

तेव्हा कुठे त्याची पकड सुटली.

सकाळी तो चौकट धरून दारात उभा होता. ‘नोकरी बंद.’

‘या हातानं चूल पेटणार नाही,’ ती म्हणाली. ‘कारखान्यात डावा चालतो.’

पट्ट्याच्या बकलाने तिचा कान फाटला. ती त्याच्या काखेखालून बाहेर निसटली आणि अंगाचा सगळा भार देऊन तिने दार ओढले. त्याच्या उजव्या हाताची बोटे अजून चौकटीवरच होती. हाड मोडल्याचा आवाज ऐकूनही ती थांबली नाही. कामाची पाळी चुकवून चालणार नव्हते.

संध्याकाळी ती परतली तेव्हा सासू मांडीवर कारखान्यातला डबा घेऊन उजवा हात बांधलेल्या लेकाला भरवत होती. ‘आ कर,’ ती म्हणत होती. त्याने सुनेकडे पाहिले, आणि तोंड उघडले.